वेंगसरकर पक्षाचा एकमेव सभासद

मुंबईत क्रिकेटचे मोठे पक्ष दोनच. गावस्कर पक्ष आणि तेंडुलकर पक्ष. हल्ली पोरांनी रोहित शर्माच्या नावानं एक आघाडी काढली आहे, ती सोयीनुसार सचिनला बाहेरून पाठिंबा देते. मी मात्र वेंगसरकरवाला. आमच्या पक्षाचं डिपॉझिट दर रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटाशी जप्त होतं.

गावस्कर पक्षाचे सर्वेसर्वा म्हणजे नाना. ते 'सुनील' असं काही म्हणतात, की वाटावं हे दोघं चिखलवाडीत एकाच नळावर बादली घेऊन उभे असायचे. नानांचं भाषण १९७१ पासून सुरू होतं. वेस्ट इंडीज, चार कसोटी, ७७४ धावा. "आणि डोक्यावर हेल्मेट नाही!" इथे नाना स्वतःच्या टकलावर थाप मारतात. १९७५ च्या वर्ल्ड कपात साठ षटकं उभं राहून केलेल्या नाबाद ३६ धावांचा विषय कुणी काढलाच, तर मात्र त्यांना एकदम भाजी आणायची आठवण होते.

तेंडुलकर पक्षाला वाद घालावाच लागत नाही. शंभर शतकं, २०० कसोटी, १५,९२१ कसोटी धावा. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले तर नुसतं "शारजा" म्हणतात आणि डोळे मिटून घेतात.

"समोर होल्डिंग, मार्शल होते का?" नाना.

"तुमच्या १९७१ मध्ये तरी कुठे होते?" बँकवाले डोळे न उघडता.

परवा यात आमचे कोल्हापूरचे साडू येऊन पडले. त्यांचा उमेदवार भाऊसाहेब निंबाळकर. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या कप्तानानं सामनाच सोडून दिला! एवढं करून भाऊसाहेब एकही कसोटी खेळले नाहीत. आता यावर कोण काय बोलणार? जी कसोटी खेळलीच नाही तिच्यात कुणाला शून्यावर बाद होता येत नाही. साडू बिनविरोध निवडून आले आणि वर पोहेही दोनदा घेतले.

मग मी घसा खाकरला. दिलीप वेंगसरकर. सहा फुटी ताठ अंगकाठी, आणि तो ऑनड्राइव्ह! मी हातातल्या छत्रीनं तो करूनही दाखवतो, लोक जरा मागे सरकतात. "लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं. १९७९, १९८२, १९८६. आता सांगा, सुनील आणि सचिन दोघांची मिळून तिथे कसोटीत शतकं किती?"

कुणी बोलेना. शून्य हा आकडा दोन्ही मोठ्या पक्षांना एकाच वेळी गिळावा लागला, असं दृश्य आमच्या गेटावर कधी दिसलं नव्हतं.

"सुनीलनं सत्त्याऐंशी साली लॉर्ड्सवर १८८ केल्यात," नाना पुटपुटले.

"ती एमसीसीच्या द्विशताब्दीची मॅच. कसोटी नव्हे."

नानांनी पिशवी उचलली. सत्ता हातातोंडाशी आली होती. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचं इंजिनीअरिंगचं पोरगं मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालं, "काका, लॉर्ड्सवर आगरकरचं पण कसोटी शतक आहे. २००२. नाबाद १०९. म्हणजे तो पण सचिनपेक्षा भारी?"

नानांनी पिशवी खाली ठेवली. बँकवाल्यांनी डोळे उघडले. कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघं एकमेकांना टाळ्या देत होते. अडचण अशी की आगरकरही मुंबईचाच, त्यामुळे त्याला नावं ठेवायचीही सोय नाही. आगरकरची ती कसोटी आपण हरलो आणि १९८६ ला दिलीपच्या नाबाद १२६ च्या कसोटीत आपण लॉर्ड्सवर पहिल्यांदा जिंकलो, हे मी ओरडून सांगितलं. ऐकायला फक्त वॉचमन होता, आणि तो धोनीचा.

तेव्हा वाचकांपैकी कुणी वेंगसरकरवाला असेल, तर त्यानं जरूर यावं. सभासद फी नाही, चहा माझ्याकडून. फक्त तीन सालं पाठ हवीत, आणि आगरकरचं नाव निघाल्यावर मला एकट्याला टाकून जायचं नाही.