लोहाचं घोडं अडतं कुठं?

"अगं, कपडे मग वाळत घाल, इकडे भिंतीशी ये. सुनेचं हिमोग्लोबिन ९ आलंय! रोज ब्रेड-बटर, दुसरं काय होणार? दोन किलो बीट आणलंय."

"काकू, बीटचा लाल रंग लोहाचा नसतो हो."

"मग केमिस्टकडून लोहाच्या गोळ्याच आणते. तू लॅबमध्ये असतेस, तूच सांग."

"लोह पोटात गेलं म्हणजे रक्तात उतरलंच असं नाही. अस्थिमज्जेत सेकंदाला २० लाखांच्या आसपास लाल पेशी तयार होतात. एकेकीत हिमोग्लोबिनचे कोट्यवधी रेणू, प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. ते लोह बसवतात पेशीतले मायटोकाँड्रिया."

"ते तर ऊर्जा तयार करतात ना? नातवाचं पाठांतर ऐकलंय मी."

"करतातच, पण हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, बनवायची सुरुवात आणि शेवटही त्यांच्यातच. मायटोफेरिन नावाचं प्रथिन लोह आत नेतं, फेरोकीलेटेज हे एन्झाइम ते हीमच्या कड्यात अडकवतं. अंगात शिसं गेलं की हे एन्झाइम बिघडतं. सुरुवातीलाच बी-६ जीवनसत्त्व लागतं. सायडरोब्लास्टिक अ‍ॅनिमियात लोह असतं, पण मायटोकाँड्रियातच साठून राहतं. रंग दिलेल्या काचपट्टीवर केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचं कडं दिसतं. मी पाहिलंय, दिसायला सुंदर, पेशंटसाठी वाईट."

"बाई गं!"

"पुढची गंमत ऐका. लाल पेशी आधी केंद्रक टाकून देते आणि मग मायटोकाँड्रियाही पचवून टाकते. एकही ठेवत नाही."

"ज्यांनी लोह भरलं त्यांनाच? पलीकडच्या बंगल्यासारखंच झालं की! सासऱ्यांच्या फंडातून घर बांधलं आणि त्यांनाच... जाऊ दे, मला काय करायचंय."

"हळू बोला, काकू! पेशीची बाजू तरी खरी आहे. मायटोकाँड्रिया राहिले तर वाहून न्यायचा ऑक्सिजन तेच वापरतील. ती नुसत्या ग्लुकोजवर, ऑक्सिजन न वापरता, सुमारे १२० दिवस काढते."

"आणि मग लोह वाया?"

"छे! म्हाताऱ्या पेशींतलं रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात येतं. जेवणातून शोषलं जातं जेमतेम १-२. पण जास्त झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून मनाने गोळ्या नकोत."

"मग गं?"

"बहुतेकदा लोहच कमी निघतं, पण थॅलेसेमिया मायनर असेल तर उणीव ग्लोबिनच्या साखळीत असते. तिथं लोह कमी नसताना गोळ्या गिळून उपयोग नाही. आधी डॉक्टरांना विचारून फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्या. गोळी सुरू झालीच तर तुमच्या चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. आणि रिपोर्ट येईपर्यंत तिला ब्रेडवरून बोलू नका."