पुरूला उगाच त्रास

मुलाचं, पुरूचं तारुण्य मागून घेणाऱ्या ययातीला निदान शुक्राचार्यांचा म्हातारपणाचा शाप तरी होता. अमेरिकेतले कोट्यधीश ब्रायन जॉन्सन यांना कुठल्याही शुक्राचार्यांनी काही म्हटलं नव्हतं. तरी 2023 मध्ये त्यांनी आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा लिटरभर प्लाझ्मा अंगात चढवून घेतला आणि स्वतःचा सत्तरीतल्या वडिलांना दिला. तीन पिढ्यांत वाटप झालं, तेही कोर्टाची पायरी न चढता! आपल्याकडे सातबाऱ्याचं एवढं सुरळीत होत नाही. पुढे तपासण्या झाल्या. जॉन्सन यांना स्वतःला फायदा शून्य. प्रयोग बंद.

मूळ खटाटोप उंदरांचा. 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं, तर म्हाताऱ्यांचे स्नायू जोमाने भरून येऊ लागले. झालं, तरुण रक्ताची दुकानं निघाली. एका ठिकाणी भाव होता लिटरला 8,000 डॉलर. 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावलं की फायद्याचा पुरावा नाही, धोका मात्र आहे. मग 2020 मध्ये, मूळ प्रयोगातल्याच कॉनबॉय दांपत्याच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांचा निम्मा प्लाझ्मा काढून अल्ब्युमिन हे प्रथिन घातलेलं मिठाचं पाणी भरलं. उंदीर तरीही टवटवीत! म्हणजे गुण कोवळ्या रक्ताचा नव्हताच बहुधा. जुनं पातळ झालं, एवढंच.

औषधांचंही तसंच. रॅपामायसिनने 2009 मध्ये आयुष्य वाढवलं, तेही उंदरांचंच. (आणि आपण त्यांना पिंजरा लावतो.) माणसाचं आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं वार्धक्यविरोधी औषध अजून एकही नाही.