पेशवाईत जागा रिकामी आहे काय?

गतकाळावर आसक्त झालेली मंडळी त्या काळी कोणत्या वाड्यात राहावयाचे, कोणत्या बागेत हवा खावयाची हे तत्परतेने ठरवितात. परंतु तेथे पोट कशावर भरावयाचे, या क्षुद्र प्रश्नाला सहसा स्पर्श करीत नाहीत. मी स्वतः गेली कित्येक वर्षे मनाने सवाई माधवरावांच्या पुण्यात वास्तव्य करून आहे. शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीत भस्मसात झाले हे पूर्णपणे ठाऊक असूनही, दिल्ली दरवाजापुढून जाताना माझा हात नकळत पागोट्याकडे, म्हणजे वस्तुस्थितीत टकलाकडे, जातो. तेव्हा उद्या त्या काळात जाण्याची सोय खरोखरीच झाली, तर आपल्यावर बेकार हिंडण्याचा प्रसंग येऊ नये, या दूरदृष्टीने मी तेथील नोकऱ्यांचा शोध आरंभिला.

प्रथम अर्थातच लष्कर. १७९५ साली खर्ड्यावर निजामाचा मोड झाला त्या दिवशी आपण तेथे असावे, अशी माझी फार दिवसांची मनीषा आहे. परंतु शिलेदाराला घोडा पदरचा आणावा लागे, आणि मी तर सायकलसुद्धा हप्त्याने घेतलेली. बारगिराला घोडा सरकारातून मिळे हे खरे, पण त्यावर बसून राहण्याची जबाबदारी सरकार घेत नसे. मग अठरा कारखान्यांकडे वळलो. पीलखाना, उष्टरखाना आणि तोफखाना ही खाती माझ्या शांत प्रकृतीला मानवण्यासारखी नव्हती. तंबू आणि बिछायती उचलण्याचा फरासखाना कंबरेने नामंजूर केला. मुदपाकखान्यात माझी पात्रता केवळ भोक्त्याची, आणि ती जागा वरच्या मंडळींनी आधीच भरलेली.

राहता राहिला पर्वतीच्या पायथ्याचा रमणा. श्रावणमासी तेथे दूरदूरच्या वैदिकांना आणि शास्त्र्यांना दक्षिणा वाटली जाई, म्हणून मीही काही काळ आशाळभूतपणे तिकडे पाहिले. परंतु त्या दारावर विद्येच्या आधी जात पाहिली जाई; आमच्या कित्येक इतिहासप्रेमी मित्रांची स्मरणशक्ती नेमकी याच दाराशी येऊन क्षीण होते, हे मला येथे नमूद केलेच पाहिजे. मजपुरते म्हणाल, तर जन्माच्या अपघाताने मी दारातून आत गेलो असतो आणि पहिल्याच ऋचेला परत बाहेर आलो असतो.

अखेर, आयुष्य कारकुनीत गेलेल्या मनुष्याने जेथून शोधास आरंभ करावयाचा, तेथेच मी पोहोचलो: हुजूर दफ्तर! नाना फडणिसांच्या नजरेखाली बसावयाचे, फर्दा तपासावयाच्या, हिशेब रुजू घालावयाचे. त्या तयारीसाठी मी मोडी शिकलो. आधी कागदावर आडवी रेघ ओढावी, मग तिला अक्षरे टांगीत, बोरू होता होईतो न उचलता मजल मारावी, यात मला विलक्षण गोडी वाटू लागली. परंतु रुजू होण्याची तारीख मुक्रर करण्यापूर्वी चौकशी केली, तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. एक, त्या पुण्यात घरोघरी चहा नव्हता. दुसरी, रात्री तोफ झाल्यावर रस्त्यात सापडणाऱ्याची रवानगी कोतवालाच्या चावडीवर होत असे. आणि रात्रीच्या नाटकावाचून आठवडा न काढणाऱ्या मला १७९१ पर्यंत तेथे घाशीराम कोतवाल भेटण्याचा संभव होता. शिवाय चावडीचा धोका पत्करून जावे असे संगीत नाटक तरी कोठे होते? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर यावयास १८८० साल उजाडले.

तथापि मोडी वाया गेली नाही. घरातील जुन्या रुमालात इनामाची सनद सापडेल या अपेक्षेने कागद लावू लागलो, तो आमच्या एका पूर्वजाने सावकारास लिहिलेले, कर्जफेडीची मुदत वाढवून मागणारे पत्र हाती आले. त्यातील अदब, आर्जव आणि देवाधर्माची साक्ष यांचा थाट असा काही अलौकिक होता, की महिनाअखेरीस आमच्या वाण्याला मी त्याच धर्तीवर एक चिठ्ठी लिहिली, आणि खाली शिरस्त्याप्रमाणे ‘बहुत काय लिहिणे’ असे घालून मुलाच्या हाती धाडली. वाण्याने ती आस्थेने, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचली आणि मुलाला म्हणाला,

“वडिलांना सांग, बहुत काय लिहायचं ते सावकाश लिहा. आधी मागली बाकी द्या.”