विनम्र सेवेचा गौरव

परतूरच्या एका महाविद्यालयाने (नाव कशाला घ्या, उद्या सगळेच 'आमच्यावर लिहिलं' म्हणून भांडायला येतील) शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या विनम्र सेवेचा गौरव करायचं ठरवलं. विनम्रच का? तर कार्यक्षम म्हटलं की माणूस लगेच पदोन्नती मागतो. विनम्र माणसाचं शाल-श्रीफळावर भागतं.

ग्रंथालयातल्या मामांची निवड बिनविरोध झाली. समितीतले सर जालन्याहून अप-डाऊन करणारे, त्यामुळे बैठक रेल्वेच्या वेळेत उरकली. निकष एकच: कधी तक्रार नाही. तशी मामांची एक होती. १०-२०-३० वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेसाठी राज्यभरातल्या शिक्षकेतरांनी २० फेब्रुवारी २०२३ पासून संप केला, तेव्हा मामाही गेटवर बसले होते. मानपत्रात ते घेतलं नाही. कागद एकच पानी होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सतरंज्या मामांनीच अंथरल्या. बॅनर बांधायला शिडीवर तेच चढले, कारण सुटणार नाही अशी गाठ त्यांनाच मारता येते. शाली कपाटाच्या खालच्या खणात असतात आणि कपाटाची चावी मामांकडे; तेव्हा स्वतःच्या सत्काराची शाल त्यांनीच काढून, झटकून, घडी घालून ताटात ठेवली. नाव पुकारलं तेव्हा ते माईकवाल्याला एक्स्टेन्शन बोर्ड शोधून देत होते. शाल घेऊन खुर्चीत टेकतात न टेकतात तोच प्राचार्यांनी खूण केली, पाहुण्यांचा चहा राहिलाय. मामा नारळ खुर्चीवर ठेवून उठले. खऱ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

मग पाहुण्यांनी गाडगेबाबांचा दाखला दिला. तो द्यावाच लागतो. बाबा स्वतः गाव झाडत आणि कुणाला पाया पडू देत नसत, एवढा तपशील मात्र भाषणात आला नाही. आला असता तर मंचावरच्या अर्ध्या लोकांना खराटा घ्यावा लागला असता.

मामा याच महिनाअखेर सेवानिवृत्त होताहेत. पुढे ग्रंथालय कोण उघडणार, असं कुणीतरी मागून विचारलंच. खासगी अनुदानित शाळांचा हा प्रश्न शासनाने ११ डिसेंबर २०२० लाच निकाली काढलाय. शिपाई निवृत्त झाला की पद रद्द, बदल्यात शिपाई भत्ता. ग्रामीण भागाला महिना ५,००० रुपये. एवढ्या पैशात विनम्रता आपोआपच येते, वेगळी जोपासावी लागत नाही. महाविद्यालयानेही धडा घेतलाय. सकाळी कुलूप 'कमवा आणि शिका'तला मुलगा उघडेल, झाडलोट एजन्सी बघेल.

राहता राहिला पुढच्या वर्षीचा पुरस्कार. एजन्सीचा माणूस दर दोन महिन्यांनी बदलतो, मग शाल घालायची कुणाला? समितीने तोडगा काढलाय: थेट ठेकेदारालाच द्यायची. त्याने नम्रपणे होकारही कळवलाय, फक्त मागचं बिल आधी निघावं म्हणतो.