एकावर एक फुकट

मोताळ्यात दूतावास नाही. मलकापूरला रेल्वे आहे, बुलढाण्याला कलेक्टर आहे, मधल्या मोताळ्याला तहसील, पंचायत समिती आणि नगर पंचायत आहे. पण राजूरच्या घाटाखाली येऊन आपला झेंडा रोवायची तसदी अजून कुठल्या परदेशाने घेतलेली नाही. तरीही परराष्ट्र सेवेच्या एका जुनाट दुखण्यावर बोलायचा हक्क या तालुक्याला आहे आणि तो अनुभवाने आलेला आहे. दुखणं असं, की राजदूताच्या बायकोचं करायचं काय, हे कुठल्याच सरकारला नीट ठरवता आलेलं नाही. ती सरकारी माणूस नाही आणि खासगीही राहिलेली नाही. तिच्याकडे काम आहे, हुद्दा नाही. आपल्याकडे याचीच उलटी आवृत्ती पंचायत समितीच्या आवारात, चहाच्या टपरीशी, मोटारसायकलला टेकून उभी असते. तिला सरपंचपती म्हणतात. त्याच्याकडेही हुद्दा नाही, पण शिक्का त्याच्याच खिशात असतो. वरवर पाहता या दोघांचा काही संबंध नाही. खोलात गेलं तर दोन्हीकडे एकच अलिखित नियम चालतो: नेमणूक नवराबायकोपैकी कुणाचीही होवो, खुर्ची नवऱ्याची आणि राबणूक बायकोची.

कायद्यापासून सुरुवात करू. राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार १९६१ चा. त्याच्या कलम ३७ नुसार राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयांना, ते यजमान देशाचे नागरिक नसतील तर, जवळपास अधिकाऱ्याइतकंच संरक्षण मिळतं. मॅडमना अटक होत नाही, त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही, घरगुती सामानावर जकात लागत नाही. एवढं कवच आपल्याकडे आमदारालाही नाही, त्याच्या भाच्याला असलं तरी. पण याच मॅडम तिथल्या शाळेत गणित शिकवते म्हणाल्या, की दोन सरकारांमध्ये तसा करार आहे का, यजमान देशाची परवानगी आहे का, अशी चौकशी सुरू होते. आणि परवानगी मिळालीच तर त्या नोकरीपुरतं दिवाणी संरक्षण सोडून तिथला कर भरावा लागतो. भारताने असे करार बऱ्याच देशांशी केले आहेत. जिथे नाहीत तिथे पदवी पेटीत ठेवायची. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये नैरोबीत भारताचे आयुक्त झाले. पुढे गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम अशी त्यांची कारकीर्द झाली आणि ती यादी लोकांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी नलिनीदेवी एफआरसीएस होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बदलीच्या हुकमात जोडीदाराच्या पदवीसाठी रकाना नसतो. एका देशातली डॉक्टरकीची नोंदणी दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, आणि तीन वर्षांनी पुन्हा नवा देश, नवी भाषा, नवी नोंदणी. जोडीदार सर्जन असली तरी तिच्या हातातल्या कात्रीचा सरकारला एकच उपयोग सुचतो: फीत कापणं.

आता ती करते काय ते पाहू. २६ जानेवारीच्या स्वागत समारंभात दाराशी उभं राहून शेकडो हात हातात घेणं. कोण डुकराचं खात नाही, कोण गाईचं खात नाही, कोणत्या दोन देशांचे राजदूत एका टेबलाला चालत नाहीत, हे तोंडपाठ ठेवणं. दिल्लीहून आलेल्या शिष्टमंडळातल्या सौभाग्यवतींना बाजार फिरवून आणणं. गावात महाराष्ट्र मंडळ असेल, आणि लंडनमध्ये तर ते १९३२ पासून आहे, तर गणपतीत आरतीला आणि संक्रांतीत हळदीकुंकवाला हजर राहणं. हे सगळं सरकारला हवं असतं, याचा पुरावा हिशेबातच आहे. जेवणावळी घालण्यासाठी अधिकाऱ्याला वेगळा प्रतिनिधित्व निधी मिळतो. म्हणजे पाहुण्यांच्या पुलावाचं बिल निघतं, पेयांचं निघतं, टेबलावरच्या फुलांचंही निघतं. ज्या बाईने पाहुण्यांची यादी लावली, आचाऱ्याच्या मागे उभी राहिली आणि तीन तास हसत बसली, तिचं तेवढं निघत नाही. सरकारच्या मते फुलं ही परराष्ट्र धोरणाचा भाग आहेत आणि बाई ही घरची बाब आहे.

घरचीच बाब असती तर तिच्या चुकाही घरच्याच धरल्या असत्या. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये बेल्जियमच्या राजदूताच्या पत्नीने कपड्यांच्या दुकानातल्या कर्मचारी महिलेला थप्पड मारली. प्रकरण कॅमेऱ्यात सापडलं, गाजलं, आणि बेल्जियमच्या परराष्ट्र खात्याने त्या उन्हाळ्यातच राजदूताचा कार्यकाळ संपवला. थप्पड पत्नीची, बदली पतीची. ते योग्यच झालं. पण मग तर्क पुढेही न्यायला हवा. एका थपडेने दोन देशांचे संबंध ताणले जात असतील, तर तीन वर्षांच्या गोड वागण्याने ते थोडे तरी सैल होत असणार. थप्पड सरकारी आणि गोडवा खासगी, हा हिशेब मोताळ्याच्या अडत्यालाही जमणार नाही, आणि त्याला बरेच हिशेब जमतात.

आपल्याला वाटेल, ही गरीब देशांची कद्रू वृत्ती असेल. तसं नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नवऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात बायकोचा पाहुणचार आणि वागणूक यांवरही शेरे मारले जात. १९७२ च्या जानेवारीत फर्मान निघालं, की अधिकाऱ्याची पत्नी ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिला कुणी काम सांगू नये आणि तिच्यावर शेरा मारू नये. फार सुंदर फर्मान. शेरा गेला. जेवणावळी मात्र गेल्या नाहीत. पूर्वी निदान फुकट कामाची नोंद तरी होई. नंतर काम तेवढंच राहिलं आणि नोंदही संपली. आपल्याकडे गंमत निराळी होती. चोनिरा बेल्लिअप्पा मुथम्मा १९४९ मध्ये स्पर्धा परीक्षेतून परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. सेवेत शिरताना, लग्न केलं तर राजीनामा देईन, अशी हमी त्यांच्याकडून घेतली गेली. १९६१ च्या सेवानियमांत महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि संसार कामाच्या आड येतो असं सरकारला वाटलं तर घरी जावं, अशी तरतूद होती. पुरुषाच्या संसाराची काळजी सरकारला वाटत नव्हती, कारण त्याचा संसार कामाच्या आड येत नसे. तो कामाला जुंपलेला असे. १९७९ मध्ये मुथम्मांच्या याचिकेवर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नेमकं हेच विचारलं, की लग्नाने बाईच्या कामात अडथळा येतो तर पुरुषाच्या का येत नाही? तोवर मुथम्मांना बढती मिळाली होती, नियमही मागे घेतले जात होते, म्हणून न्यायालयाने याचिका निकाली काढली, पण प्रश्न निकाली निघालेला नाही असं बजावून. थोडक्यात, सरकारचं गणित असं होतं: विवाहित पुरुष घेतला की एकावर एक फुकट, विवाहित बाई घेतली तर फुकटचं माणूस मिळत नाही, वर तिलाच कुणाच्या तरी घरी फुकट राबायला जावं लागतं, म्हणजे दुहेरी तोटा.

यावर आक्षेप येणार, आणि यायलाच हवेत. पहिला: बंगला, गाडी, आचारी, माळी, परदेशात मुलांचं शिक्षण, यात रडण्यासारखं काय आहे? मान्य, कापूस वेचणाऱ्या बाईसमोर हे दुःख मांडायची हिंमत कुणी करू नये. पण बंगला, गाडी आणि आचारी राजदूतालाही मिळतात, आणि म्हणून त्याचा पगार बंद करावा असं कुणी सुचवत नाही. दुसरा आक्षेप: तिने माहीत असूनच अशा माणसाशी लग्न केलं ना? केलं. अधिकाऱ्यानेही माहीत असूनच नोकरी धरली. स्वखुशीने धरलेल्या नोकरीचा पगार देऊ नये, हा सिद्धांत लागू झाला तर मंत्रालयच ओस पडेल. तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. काळ बदलला, आता महिला राजदूत आहेत, त्यांचे नवरे मागे उभे राहतात, काही देश जोडीदाराच्या नावाने भत्ताही देतात. खरं आहे. पण तो भत्ता बहुधा अधिकाऱ्याच्याच पगारात जमा होतो. आणि महिला राजदूताचा नवरा यजमानपणासाठी तीन तास उभा राहिला तर त्याचं केवढं कौतुक होतं, तो कसा मोकळ्या मनाचा, कसा समजूतदार! बायको तेच करते तेव्हा तिला समजूतदार म्हणत नाहीत, मिसेस म्हणतात.

इथे मोताळ्याची साक्ष काढावी लागते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. लगेच गावोगावी एक नवं पद निर्माण झालं, ज्याचा उल्लेख कुठल्याही अधिनियमात नाही. सरपंच बाई, पण फोन भाऊंना. मासिक सभा बाईंची, पण उत्तरं भाऊ देणार. घरकुलाच्या यादीवर सही बाईंची, पण नावं भाऊंनी घातलेली. अर्थात आपल्या गावात असं घडत नाही, शेजारच्या गावात घडतं. शेजारच्या गावात विचारलं तर तेही हेच सांगतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, केंद्राने २०२३ मध्ये समिती नेमली आणि २०२५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने अशा पतिराजांना जरब बसेल असा दंड करावा असं सुचवलं. पतिराजांचा बचाव ठरलेला असतो: तिला कागद कळत नाहीत, मी नुसती मदत करतो. मोठ्या मनाची गोष्ट आहे. मात्र राजदूताला पुलाव येत नाही म्हणून त्याची बायकोही मदतच करते, आणि तेवढ्यावरून तिला व्यापार करारावर सही करू देत नाहीत. मदत करणाऱ्या बाईला स्वयंपाकघर मिळतं, मदत करणाऱ्या पुरुषाला शिक्का मिळतो. दूतावास आणि ग्रामपंचायत यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे, पण खुर्चीची दिशा एकच आहे.

म्हणून देशहितासाठी अदलाबदलीची एक योजना सुचवावीशी वाटते. तालुक्यातल्या अनुभवी सरपंचपतींना महिला राजदूतांचे यजमान म्हणून परदेशी पाठवावं, आणि राजदूतांच्या पत्नींना इथे ग्रामपंचायतींवर आणावं. बायकांची बाजू सोपी आहे. ज्यांनी एका टेबलावर दोन भांडखोर देश सांभाळले, त्यांना पाणंद रस्त्याचं भांडण जड जाणार नाही, आणि बहुधा पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या नावाचं मानधन मिळेल. अडचण पुरुषांची. झेंडावंदनाला दोन पावलं मागे उभं राहायचं, हातात गुच्छ धरायचा, कुणी प्रश्न विचारला की बायकोकडे पाहायचं, यासाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण लागेल आणि त्यात निम्मे नापास होतील. हे अशक्य आहे असं मात्र कुणी म्हणू नये. मलकापूरच्या पलीकडच्या एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, वर्षानुवर्षं विधानसभेत पाठवलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत स्वतः आमदार राहिलेले, अमरावतीचे महापौर झालेले. तरीही राष्ट्रपती भवनात आणि परदेश दौऱ्यांत मानवंदना कुणी घ्यायची याबद्दल घोळ झाला नाही. राष्ट्रपतींच्या यजमानांना जे साधलं ते सरपंचांच्या यजमानांना साधत नाही, याला पद लहान असणं हे कारण पुरेसं नाही. पाहणारे डोळे कमी, हे खरं कारण. देशोदेशीचे छायाचित्रकार मासिक सभेला येत नाहीत.

योजना मंजूर होणार नाही, हे उघड आहे. तेव्हा एक स्वस्त उपाय. अमेरिकेत बायकांवरचे शेरे थांबवणारं फर्मान निघालं त्याच वर्षी, १९७२ मध्ये, दुष्काळात होरपळणाऱ्या महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली. आणि मुथम्मांचा निकाल लागला त्याच वर्षी, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून, तिचा कायदा लागू झाला. या योजनेच्या भानगडी कितीही निघोत, तिच्या मस्टरने एक गोष्ट मान्य केली, जी व्हिएन्नात जमलेल्या विद्वानांना सुचली नाही. नवराबायको एकाच बांधावर खडी फोडत असले तरी नावं दोन, ओळी दोन आणि मजुरीचा दर एक. बायकोची मजुरी नवऱ्याच्या ओळीत सामावून घ्यायची सोय त्या कागदावर नाही. परराष्ट्र मंत्रालयाने मोताळ्याच्या तहसीलमधून या मस्टरचा एक कोरा नमुना मागवून घ्यावा आणि प्रत्येक वकिलातीत लावावा. सावधगिरीची सूचना एवढीच, की सहीच्या वेळी नवऱ्याला बाहेर बसवावं. नाहीतर ‘तिच्या वतीने मीच करतो’ म्हणत पेन उचलणारा मोताळ्यात जसा भेटतो, तसा पॅरिसमध्येही भेटेल, आणि तिथला तर व्याकरणशुद्ध फ्रेंचमध्ये म्हणेल.