संत्र्यांची पेटी आणि जमिनीतून गळालेला वीर

अकोल्यातल्या एका घरात 2024 च्या नोव्हेंबरात आईनं मुलाला तीन प्रश्न विचारले. "कोणाले भेटाले चालला?" गेम बनवणाऱ्याले. "त्यानं बोलावलं काय तुले?" नाही. "वयखते तरी काय तो?" तेही नाही. पोळ्यांचा डबा बांधता बांधता तिनं निकाल देऊन टाकला, "मंग बावा, याले भेट नाही म्हणत. याले वसुली म्हणतात."

आईचा पुराणांचा अभ्यास जरा कमी पडला. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याची फक्त कीर्ती ऐकली, त्याला गाठायचं, ही वऱ्हाडची फार जुनी खोड आहे. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीनं श्रीकृष्णाला पत्र धाडलं ते नुसत्या ऐकीव माहितीवर. पुढं अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून तो तिला रथात घालून घेऊन गेला, असं अमरावतीकर आजही काल घडल्यासारखं सांगतात. चाहत्याच्या पत्राला इतकं तातडीचं उत्तर त्यानंतर कुणालाही आलेलं नाही.

चाहते दोन. एक अमरावतीचा. राजापेठेत बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. दुसरा अकोल्याचा. वडिलांचं कृषी सेवा केंद्र सांभाळतो. दोघांची ओळख बडनेऱ्याला इंजिनीअरिंग करताना झाली आणि टिकली ती रोल-प्लेइंग गेममुळं, म्हणजे आरपीजीमुळं. या प्रकारात आपण एक पात्र घ्यायचं, योद्धा, चोर किंवा मांत्रिक. त्याची ताकद, अक्कल आणि नशीब आकड्यांत मांडलेलं असतं. आपण काय बोलतो, कुणाला मारतो, कुणाला सोडतो, यावर गोष्ट वळत जाते. गावाकडची दंडारच म्हणा, फक्त यातल्या रावणाला मध्येच विचार बदलायची मुभा असते.

ज्या काळात हे दोघं घडले त्या काळात वऱ्हाडात खरा खलनायक भारनियमन होता. तीन तास खपून राक्षस मरणाच्या दारात आणायचा आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. वीज आल्यावर राक्षस ताजातवाना आणि आपला वीर पुन्हा गावाच्या वेशीवर. अमरावतीकर म्हणतो, धीर धरायला मी तिथं शिकलो. अकोलेकर म्हणतो, शिव्या द्यायला.

तर इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स 13 ते 15 नोव्हेंबर 2024 या तीन दिवसांत हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात भरणार होती. एका छोट्या स्टुडिओचा गेम या दोघांनी मिळून चार वेळा संपवला होता. त्या स्टुडिओचा स्टॉल तिथं लागणार, एवढं कळलं आणि वऱ्हाड निघालं. (हा शब्द प्रांतालाही लागतो आणि लग्नाच्या मंडळींनाही. सामान पाहता दुसराच अर्थ जवळचा वाटत होता.)

सामान म्हणजे वरूडच्या संत्र्यांची पेटी. नोव्हेंबर हा आंबिया बहाराचा हंगाम, आणि पाहुण्याच्या घरी रिकाम्या हातानं जाणं अमरावतीकराला जमत नाही. ती पेटी घेऊन तो एसटीनं अकोल्याला निघाला. पण 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, आचारसंहिता लागलेली होती आणि रस्त्यात भरारी पथक उभं होतं. बस थांबली. पेटी खाली उतरली.

"वर संत्री हायत. खाली काय?"

"खाली पण संत्री."

"त्याच्या खाली?"

"पेटी."

पथकानं पेटी तळापर्यंत उपसली. हैदराबादला कुणाकडं नेता, या प्रश्नाला अमरावतीकरानं खरं उत्तर दिलं, आणि खऱ्या उत्तरानं संशय वाढतो हे त्याच्या ध्यानात आलं. शेवटी पेटी परत भरायला एक शिपाईच मदतीला आला. त्याचा पोरगाही दिवसभर मोबाइलवर हेच करून राहतो म्हणे. यात नोकरी लागते काय, असं त्यानं हळूच विचारून घेतलं.

अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग 53 चा तुकडा गेमवाल्यांना विशेष जिव्हाळ्याचा असायला हवा. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर एका मार्गिकेचं 75 किलोमीटर डांबरी काँक्रीट सलग 105 तास 33 मिनिटांत अंथरलं गेलं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता, पंचवीस किलोमीटर आणि वर काही मीटरचा. एखादा गेम कमीत कमी वेळात संपवण्याला खेळणारे स्पीडरन म्हणतात. वऱ्हाडात गेमचा नाही, पण डांबराचा स्पीडरन होऊन गेलेला आहे. ज्यांनी त्याआधीचा हा रस्ता पाहिला आहे, त्यांना तो स्वतःच एक अवघड लेव्हल होता हे वेगळं सांगायला नको.

अकोल्याहून काचीगुड्याची इंटरसिटी म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. वाशीमपर्यंत भांडण सुरू झालं नव्हतं. हिंगोलीला झालं. मुद्दा असा की 'राजी' हा रोल-प्लेइंग गेम आहे की नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' ऑगस्ट 2020 मध्ये आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. भावाला शोधत निघालेली सर्कशीतली पोर, राजस्थानी वाडे, आणि दुर्गा आणि विष्णू वरून बोलत असतात. त्याआधी 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी या मंडळींनी गेम पुरा केला. अमरावतीकराचे डोळे हे सांगताना पाणावतात.

"पण तो आरपीजी नोहय," अकोलेकर म्हणाला. "त्यात आपल्याले निवड कुठी हाय? अ‍ॅक्शन अ‍ॅडव्हेंचर हाय तो."

"दुर्गा स्वतः बोलून रायली, अन् तुले निवड पाह्यजे!"

तात्त्विकदृष्ट्या अकोलेकराचं बरोबर होतं. वसमतपर्यंत त्यानं ते सात वेळा सिद्ध केलं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मधे तोंड घालून विचारलं की यात मालमत्तेचा वाद आहे का. तोवर त्यांच्या नातवानं तिसरं संत्रं सोललं होतं.

पूर्णा गेल्यावर विषय मोठ्या देवांवर आला. या सगळ्याचं मूळ पीठ म्हणजे 1974 चं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', टेबलावर फाशांनी खेळायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेलं. पहिल्या हजार प्रती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावी हातानं जुळवून खोक्यांत भरल्या गेल्या. त्याच गावात 1968 मध्ये गायगॅक्सनं खेळणाऱ्यांचा मेळावा सुरू केला होता, जेन कॉन. तिथं चाहता आणि कर्ता एकाच टेबलाशी बसून फासे टाकत. जपानमध्ये फेब्रुवारी 1988 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट 3' विक्रीला आला त्या दिवशी शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो पोरांना पोलिसांनी धरलं. आणि 2023 मध्ये 'बाल्डर्स गेट 3' ला वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून निवडलं, तेव्हा लेरियन स्टुडिओचे स्वेन विन्के बक्षीस घ्यायला अंगावर चिलखत चढवून मंचावर गेले.

"आपल्याकडं लग्नात नवरदेव तलवार घेते," अकोलेकर म्हणाला. "त्यात काय येवढं!"

अमरावतीकराचा आवडता किस्सा मात्र शर्ली करी नावाच्या अमेरिकन आजीचा. जन्म 1936 चा. आजी 'स्कायरिम' खेळायच्या आणि खेळताना बोलत बोलत व्हिडिओ करायच्या, प्रेक्षकांना नातवंडं म्हणायच्या. लाखो नातवंडं झाली. शेवटी गेमच्या कंपनीनं 2019 मध्ये जाहीर केलं की मालिकेच्या पुढच्या गेममध्ये आजीच एक पात्र म्हणून असतील. बासरला गोदावरी ओलांडताना दोघांनी सरस्वतीच्या दिशेनं हात जोडले. आपल्यालाही गेममध्ये घालावं, निदान तुरीचा दलाल म्हणून तरी, एवढंच मागणं होतं.

हैदराबाद हे वऱ्हाड्याला परकं गाव नव्हे, जुन्या मालकाचं गाव आहे. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1902 मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर तो कायमचा भाडेपट्ट्यानं गेला. तरी नावापुरती मालकी निजामाचीच. 1936 मध्ये तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. बेरारवर, म्हणजे वऱ्हाडावर, एक दिवस राज्य न करता! पात्राचं नाव, पोशाख, बिरुद सगळं आहे, फक्त राज्य नाही. रोल-प्लेइंगचा इतका शुद्ध नमुना लेक जिनिव्हातही सापडायचा नाही.

काचीगुड्याच्या लॉजवर रात्र काढली. सकाळी रिक्षा, मग मेट्रो, अमीरपेटला गाडी बदलून हायटेक सिटी. गर्दीत पेटी डोक्यावर घेतल्यावर आपोआप वाट मिळते, हा शोध मेट्रोतच लागला.

परिषदेच्या दारात खरी गोम कळली. ही चाहत्यांची जत्रा नव्हती, धंद्याचा बाजार होता. कॉमिक कॉनला लोक राक्षस होऊन येतात. इथं सगळे कोट घालून आले होते आणि एकमेकांना कार्डं वाटत होते. नोंदणीच्या अर्जात 'कंपनी' असा रकाना होता आणि अकोलेकरानं प्रामाणिकपणे 'कृषी सेवा केंद्र, अकोला' असं भरलं होतं. तेच छापून बिल्ला गळ्यात आला.

पुढचा तासभर त्याला सोडवणं कठीण झालं. कोटवाले एकामागून एक येऊन विचारायचे, शेतीवरचा गेम करताय का? बाजार मोठा आहे! अकोलेकर आधी "नाही हो, खत-बियाणं" म्हणत राहिला, मग त्याला रंग चढला. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा आरपीजी एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं राबून 2016 मध्ये आणला, हे त्याला पाठ होतं. त्यातली चूकही पाठ होती. "त्यात पार्सनिप चार दिवसांत तयार होते साहेब. कावळे दाखवले, पण बोंडअळी? 2017 मध्ये आमच्याकडं गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. तो लेव्हल कोण बनवणार?" एका गुंतवणूकदारानं हे वहीत लिहून घेतलं. काय लिहून घेतलं कुणास ठाऊक.

तो स्टॉल सापडला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. एक टेबल, एक पडदा, दोन कंट्रोलर आणि मागं तिशीतला एक माणूस, तीन दिवस न झोपल्यासारखा. अमरावतीकरानं गाडीत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. दुसऱ्या प्रकरणातली विहीर, तिथली म्हातारी, ती म्हातारी खोटं बोलते हे कळल्यावर झालेली अवस्था. माणसानं ऐकलं, थँक्यू म्हटलं आणि ओळखीच्या सुरात विचारलं, "नवा गेम विशलिस्टला टाकला का?" छोट्या स्टुडिओचं पोट यावर असतं. गेम विक्रीला यायच्या आधी किती जणांनी तो स्टीम या ऑनलाइन दुकानात इच्छायादीत टाकला, यावर दुकान तो किती ठिकाणी दाखवणार हे काही अंशी ठरतं. अमरावतीकराचा चेहरा उतरला. म्हातारीबद्दल तो माणूस एक शब्द बोलला नव्हता.

तोवर अकोलेकरानं नव्या गेमचा नमुना खेळायला घेतला होता. वीर देवळाच्या दगडी पायरीवर चढला, कोपऱ्याला आडवा घासत गेला, उडी मारली आणि घोट्यापर्यंत भिंतीत शिरला. मग कमरेपर्यंत. मग सरळ जमिनीतून गळाला आणि ढाल-तलवार सांभाळत निळ्या पोकळीत खाली, खाली, खाली जात राहिला. देऊळ वर राहिलं, पायाखालून दिसणारं, पाट उलटा करून ठेवल्यासारखं.

"गेला," अकोलेकर शरमून म्हणाला. "मी काही केलं नाही बरं का."

निर्मात्याच्या डोळ्यांतली झोप उडाली. "पुन्हा करा!" तो टेबलावरून अर्धा पलीकडं आला. "कुठून उडी मारली? पळत होता की चालत?" कारण असं की पडद्यावरचा दगड नुसतं कातडं असतो. आत न दिसणारे ठोकळे असतात, आणि वीर खरा अडतो त्यांना. दोन ठोकळ्यांच्या मधे कुठं तरी केसाएवढी फट राहिली होती. चार महिने ती सापडत नव्हती. एका खेळाडूनं तक्रार केली होती, पण पुन्हा कुणाला ते जमलं नव्हतं. अकोलेकराला जमलं. अकरा वेळा. शाळेत कडी सुटलेल्या खिडकीतून पळायचा त्याला सराव होता.

मग पेटी उघडली. टेबलामागं तिघं बसले. फट दुरुस्त करायला लॅपटॉप बाहेर आला आणि सालं कीबोर्डच्या कडेला साचत गेली. आता मात्र निर्माता म्हातारीबद्दल बोलला. ती आधी खोटं बोलणार नव्हती. आवाज देणारी बाई एक वाक्य चुकीच्या सुरात बोलून गेली, परत ध्वनिमुद्रणाला पैसे नव्हते, म्हणून गोष्टच वळवली. अमरावतीकर बराच वेळ गप्प होता. चार वेळा रडला होता तो त्या जागी.

निघताना अकोलेकरानं खिशातून पाचशेची नोट काढली. पहिला गेम त्यानं मित्राकडून फुकटात उतरवून घेतला होता, ते त्याला तीन वर्षं खात होतं. निर्मात्यानं नोट घेतली नाही. रोख रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची, असं म्हणाला. परतीच्या गाडीत निजामाबादच्या आसपास नेटवर्क आलं तेव्हा अकोलेकरानं तो गेम रीतसर विकत घेतला आणि आईला कळवलं. तिचं उत्तर आलं, "म्हंजे त्यानंच वसुली केली."

परिषद 2025 मध्ये चेन्नईला गेली. पुढं ती कुठंही भरो, वऱ्हाडातून जाणाऱ्यांनी संत्र्यांच्या दोन पेट्या न्याव्यात. एक रस्त्यातच निम्मी होते.