पक्षात राहून मवाळ कसे राहावे

सदर मार्गदर्शन वैभववाडी तालुका कार्यकारिणीचे सदस्य, माजी सभापती, नगरपंचायतीचे आजी-माजी नगरसेवक आणि बॅनरवर ज्यांचा फोटो तिसऱ्या ओळीत येतो अशा सर्वांसाठी आहे. अट एकच : पक्षाची नवी भूमिका ऐकून पोटात गोळा आला पाहिजे. ज्यांच्या पोटात गोळा येत नाही त्यांनी वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत, त्यांचे जिल्ह्याच्या कार्यकारिणीत जाणे ठरलेलेच आहे.

मवाळपणा आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ साली गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मले आणि शिकायला घाट चढून कागलला गेले. ज्यांना जहाल म्हटले गेले ते टिळकही रत्नागिरीचेच. फरक इतकाच, की टिळकांच्या वाट्याला चौक आले आणि गोखल्यांच्या वाट्याला संस्था. चौकात सभा होते, संस्थेत इतिवृत्त लिहिले जाते. आपण कुठल्या खात्यात आहोत हे वैभववाडीच्या कार्यकर्त्याने आधीच ओळखून असावे.

आता बैठक. तालुक्याची बैठक आणि देवळातले गाऱ्हाणे यांची रीत एकच. एकाने मोठ्या आवाजात मागायचे, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. वरून आलेला कडक ठराव वाचला जात असताना मवाळाने 'व्हय' म्हणावे, 'म्हाराजा' गिळून टाकावे. हा विरोध कुणालाही ऐकू जात नाही, पण रात्री झोप लागते. त्यापुढची पायरी इतिवृत्ताची. 'ठराव एकमताने मंजूर' असे लिहिले जात असेल तर मध्ये 'तत्त्वतः' हा शब्द घालून घ्यावा. 'तत्त्वतः मंजूर' झालेली गोष्ट व्यवहारात आणायला एक उपसमिती लागते, आणि उपसमितीला निमंत्रक लागतो. निमंत्रकपद आपण घ्यावे. बैठक बोलवायची की नाही हे मग आपल्या हातात.

तारीख पुढे ढकलण्यासाठी आपला तालुका फार सोयीचा आहे, याची जाणीव इथल्या मवाळांना पुरेशी नाही. मोर्चा जूनमध्ये म्हणाले तर पेरणी आणि लावणी. जुलैत भुईबावडा घाटात दरड. ऑगस्टमध्ये चतुर्थीची तयारी, आणि चतुर्थी म्हटल्यावर मुंबईकर चाकरमानी घरी, भजने, डबलबाऱ्या. त्या दिवसांत कोकणात क्रांती करायला देवसुद्धा तयार होणार नाही. मग भातकापणी, दिवाळी, जत्रा, दशावतार. शिमग्यात सगळे पालखीबरोबर. एप्रिल-मेमध्ये लग्ने आणि आंबा, की परत पेरणी. यातून एखादा आठवडा उरलाच आणि कोल्हापूरच्या मोर्चाला गाड्या न्यायचा आदेश आला, तर 'घाट बंद आसा' म्हणावे. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि वर्षभर बंदच राहिला. त्या वर्षी आपल्याकडच्या मवाळांनी सुख पाहिले. सार्वजनिक बांधकाम खात्याचे आभार मानणारा बॅनर मात्र कुणी लावला नाही, ही कृतघ्नताच म्हणायची.

एक सावधगिरी. 'हे माझे वैयक्तिक मत आहे' हे वाक्य मवाळाने कधीही वापरू नये. ते जहालांसाठी राखीव आहे. जहाल माणूस स्टेजवरून भलतेसलते बोलला की दुसऱ्या दिवशी पक्ष सांगतो, ते त्यांचे वैयक्तिक मत. मवाळ माणूस चहाच्या टपरीवर 'हे जरा जास्तच झाले' एवढे बोलला, तर ती पक्षविरोधी कारवाई होते.

पक्ष आपल्याला ठेवतो कशाला, हा प्रश्न होतकरू मवाळांना पडतो. तर, दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी. आदल्या संध्याकाळी बाजारात सभा झालेली असते, बाहेरून आलेला वक्ता अमक्यांकडून माल घेऊ नका म्हणून टाळ्या घेऊन रात्रीच गाडीने निघून गेलेला असतो. सकाळी साडेआठला फोन येतो, "नाना, जरा तेंका भेटान येवा." नानांनी जावे. दुकानदार शाळेत एका बाकावर बसलेला, त्याच्या मुलीच्या लग्नात नानांनी पंगत वाढलेली. तो चहा मागवतो. चहा येईपर्यंत दोघेही पावसाबद्दल बोलतात. मग तो म्हणतो :

"नाना, तुमी इलात ता बरा झाला. पण काल खय होतात?"

"मागच्या रांगेत."

"व्हय, बघलंय. टाळये तुमी पण वाजवलात."

या ठिकाणी काय उत्तर द्यावे याचे मार्गदर्शन आमच्याकडे उपलब्ध नाही. चहाचे पैसे नानांनी द्यावेत. बहुधा तो घेणार नाही. अहवालात 'वातावरण निवळले' असे लिहावे.

जहालांना पक्षाबाहेरच काढावे असा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर सुरतेचा पाठ वाचावा. १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. तिथे टिळकांची माणसे भारी पडतील म्हणून मवाळांनी ते सुरतेला नेले. बैठकीची जागा बदलणे हे मवाळांचे सगळ्यात जुने हत्यार. २७ तारखेला टिळक बोलायला व्यासपीठावर चढले आणि गोंधळ उडाला. मंडपातून एक मराठी जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि तिथून फिरोजशहा मेहतांना. पुढे खुर्च्या आणि काठ्या. टिळकांच्या अंगावर पोरे धावून आली तेव्हा आडवे हात पसरून त्यांच्या बाजूला उभे राहिले ते गोखले. ज्यांना हरवायला अधिवेशन हलवले, त्यांनाच वाचवायला पुढे व्हायचे! मला विचाराल तर गोखल्यांचे सगळे ठराव एका बाजूला आणि ते दोन हात एका बाजूला. मात्र सध्याच्या पक्षशिस्तीत हे बसत नाही, सबब अनुकरण करू नये.

त्यानंतर काँग्रेस मवाळांच्या ताब्यात आली. नियम, घटना, सभासदत्वाच्या अटी, सगळे त्यांनी चोख केले. लोक तेवढे आले नाहीत. गोखले १९१५ साली गेले, १९१६ साली लखनौला टिळक परत आत आले, आणि १९१८ साली मवाळच उठून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी लिबरल फेडरेशन काढली. याची रंगीत तालीम पुण्यात आधीच झाली होती : १८९५ साली सार्वजनिक सभा टिळकांच्या हाती गेली, तेव्हा रानडे-गोखल्यांनी शेजारीच डेक्कन सभा काढली. मवाळ माणूस भांडत नाही, दुसरी पाटी रंगवायला देतो.

हल्लीच्या काळातले उदाहरण हवे असेल तर आपल्याच जुन्या राजापूर मतदारसंघाचे माजी खासदार सुरेश प्रभू पाहा. शिवसेनेसारख्या पक्षात हा चार्टर्ड अकाउंटंट माणूस विजेच्या कायद्याचा मसुदा करीत बसला. २००२ साली बाळासाहेबांनी राजीनामा द्या म्हणताच त्यांनी केंद्रातले मंत्रिपद सोडले, आवाज केला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी भाजपमध्ये प्रवेश आणि मंत्रिपदाची शपथ. बारा वर्षे गप्प बसण्याची तयारी असेल त्यांनी हा मार्ग धरावा.

सामान्य कार्यकर्त्याला एवढा वेळ नसतो, आणि आपल्या भागात त्याची गरजही नाही. नारायण राणे २००५ साली शिवसेनेतून काँग्रेसमध्ये आले, २०१७ साली स्वाभिमान पक्ष झाला, २०१९ साली भाजप. त्यांच्या मागून फिरलेल्या कार्यकर्त्याने घर बदलले नाही, गाडी बदलली नाही, फक्त गळ्यातला पट्टा बदलला. २०२२ साली शिवसेना दुभंगली तेव्हा उरलेल्यांनाही ती संधी मिळाली. अशा माणसाला पक्षाचा कार्यक्रम जहाल वाटला तर त्याने घाबरू नये. विरोध करायचा तो कार्यक्रमच पुढच्या प्रवेशाबरोबर मागे पडण्याचा संभव असतो; नव्या पक्षात नवा ठराव येतो आणि पोटातला गोळा तेवढा जुना राहतो.

तेव्हा निवडणूक जाहीर झाल्यावर मवाळांनी पाळायचे पथ्य एवढेच : उपसमितीचे कागद कपाटात कुलूप लावून ठेवावेत, दुकानदाराकडे प्रचारपत्रक स्वतः न जाता पोराकडून पाठवावे, आणि एबी फॉर्म हातात पडेपर्यंत हा लेख व्हॉट्सॲपवर कुणालाही पुढे पाठवू नये.